प्रथम उतरणारा

1952 सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेतील नायगारा फॉल्स या शहराच्या शाळामंडळाचे प्रतिनिधी आणि हूकर केमिकल कंपनीचे अधिकारी एका बुजवलेल्या कालव्यापाशी जमले, आणि सर्वांच्या समक्ष त्या जमिनीत आठ ठिकाणी छिद्रे घेऊन खाली काय आहे याची परीक्षा करण्यात आली. हा कालवा मूळचा विल्यम लव्ह नावाच्या एका उद्योजकाचा. नायगारा नदीचे वरचे व खालचे पात्र जोडून त्या पाण्याच्या उतारावर विजेचे एक आदर्श नगर वसवावे, असा मनोरथ त्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रचला होता. पैसा आटल्यामुळे तो सुमारे 3,000 फूट लांबीच्या एका खंदकावरच थांबला, आणि पुढे 1942 ते 1953 या काळात हूकर कंपनीने त्या आयत्या खंदकात आपल्या कारखान्यातले सुमारे 21,000 टन रासायनिक उच्छिष्ट पिंपे भरभरून पुरले. आठ छिद्रांपैकी दोहोंत अवघ्या 4 फुटांवर रसायने लागली. एवढे होऊनही मंडळाने जमिनीचा नाद सोडला नाही. 1953 च्या एप्रिलमध्ये 1 डॉलर मोबदल्याचे खरेदीखत झाले, आणि जमिनीत रासायनिक पदार्थ पुरलेले आहेत, पुढे कोणास इजा झाल्यास कंपनी जबाबदार नाही, असा मजकूर त्यात कंपनीच्या वकिलांनी न विसरता घातला.

दूषित भूमीच्या तपासणीचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचा आरंभ या आठ छिद्रांपासून करण्यास हरकत नसावी. छिद्रांची संख्या, त्यांची खोली, खाली लागलेला पदार्थ, खताची तारीख हा सर्व तपशील दप्तरात राहिला. ज्या माणसांनी गिरमीट धरले त्यांची नावे मात्र त्या कथेत कोणी सांगत नाही. 1954 च्या जानेवारीत शाळेच्या वास्तुशिल्पज्ञाने मंडळास लिहून कळवले की, पाया खणताना मजुरांना रसायनांच्या पिंपांनी भरलेले खड्डे लागले आहेत. यावर तोडगा निघाला तो असा, की इमारतीची जागा सुमारे 80 फूट बाजूला सरकवावी. नकाशावरची इमारत सरकवणे सोपे असते, आणि कारभाऱ्यांची बुद्धी स्वभावतःच सोप्या उपायाकडे धावते. त्या खड्ड्यात उभा असलेला मजूर हा प्रश्नाचाच एक भाग आहे, हे ध्यानात येण्यास आणखी पाव शतक जावे लागले.

कामगारांच्या व्यावसायिक रोगांची चिकित्सा त्यापूर्वी झालीच नव्हती असे नव्हे. इटलीतील मोदेना येथील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याने 1700 साली कारागिरांच्या रोगांवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्याची प्रेरणा त्याला स्वतःच्या घरच्या शौचकूपाची सफाई करणाऱ्या माणसापासून मिळाली. तो माणूस जिवाच्या आकांताने घाई करीत होता. रामाझ्झिनीने कारण विचारले तेव्हा तो म्हणाला की, अधिक वेळ खाली राहिलो तर डोळे जातील. आता घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत बसेन आणि कोमट पाण्याने डोळे धूत राहीन. यापुढील अडीचशे वर्षांत शिसे, पारा, फॉस्फरस, कोळशाचा वायू अशा एकेका विषाचे नाव घेऊन निरनिराळ्या देशांत कायदे झाले. आपल्याकडील 1948 च्या कारखाना अधिनियमाचे 36 वे कलमही याच परंपरेतले. ज्या कोठीत, टाकीत वा खड्ड्यात घातक वायू असण्याचा संभव आहे तेथे माणूस उतरवावयाचा तर जाणत्या व्यक्तीचा लेखी दाखला हवा, किंवा उतरणाराच्या तोंडाला श्वसनयंत्र व कमरेला दोर हवा, आणि दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हवे, अशी या कलमाची तजवीज होती. तजवीज उत्तम होती. परंतु तिला दोन गोष्टी गृहीत धराव्या लागत. धोक्याची जागा कारखान्याच्या आवारात आहे ही एक, आणि टाकीत काय होते हे कोणातरी फोरमनला ठाऊक आहे ही दुसरी.

दूषित जमिनीच्या तपासणीत या दोन्ही गोष्टी लोपतात. कारखाना उठून गेलेला असतो, मालक बदललेला असतो, वरती गवत उगवलेले असते किंवा मुले खेळत असतात, आणि खाली कोणते विष आहे हे ठाऊक नाही म्हणूनच तर तपासनीसाला पाचारण केलेले असते. वैद्याने रोग ओळखून औषध द्यावे हा व्यवहाराचा क्रम. येथे रोग ओळखण्याच्या आधीच, किंबहुना तो ओळखता यावा म्हणून, प्रथम उतरणाराच्या जिवाची व्यवस्था करावी लागते. अज्ञानालाच प्रमाण मानून नियम कसा रचावा हा तो पेच होता, आणि तो सोडवण्याचे श्रेय व त्यासाठी लागलेला विलंब ही दोन्ही प्रायः अमेरिकेच्या खात्यावर मांडावी लागतात.

1978 च्या ऑगस्ट महिन्यात लव्ह कॅनॉल या नावाने नायगारा फॉल्सचा तोच बुजवलेला कालवा जगभर गाजला. 2 तारखेला न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्यप्रमुखाने गरोदर स्त्रियांनी व दोन वर्षांखालील मुलांनी तेथील वस्ती सोडावी असा सल्ला दिला, 7 तारखेला राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी संकटस्थिती जाहीर केली, आणि कालव्यालगतच्या 239 कुटुंबांची घरे सरकारने खरेदी करण्याचे ठरले. त्या शरद ऋतूत झिरपणारे विषारी पाणी अडवण्यासाठी कालव्याच्या कडेने चर खणण्याचे काम निघाले, तेव्हा तेथील रहिवासी लोइस गिब्स व त्यांच्या शेजारणींनी सरकारी अभियंत्यांना एक साधा प्रश्न विचारला: खणताना काही भडकले तर काय करणार? या आग्रहातून कामाची एक सुरक्षायोजना कागदावर आली, आणि खोदकाम चालू असताना रहिवाशांना तातडीने हलवता यावे म्हणून बसगाड्या जवळ उभ्या करून ठेवण्यात आल्या. चर खणणाराचे भय आणि शेजारच्या घरात राहणाराचे भय हे एकच आहे, हे तज्ज्ञांच्या आधी या गृहिणींना उमगले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

याच सुमारास केंटकी राज्यात रासायनिक उच्छिष्टाच्या हजारो पिंपांनी भरलेले एक खोरे उघडकीस आले. 1980 च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीतील एलिझाबेथ शहरी असाच एक पिंपांचा साठा पेटला, आणि तेथील अत्यंत स्फोटक माल आदल्या वर्षापासून हलवला गेला होता म्हणूनच मोठा अनर्थ टळला. या सर्व प्रकरणांचा परिपाक म्हणजे 11 डिसेंबर 1980 रोजी संमत झालेला ‘सुपरफंड’ या लौकिक नावाचा कायदा. जमीन कोणी बिघडवली, पैसे कोणी भरावयाचे, निधी कोठून उभारावयाचा, यांविषयी तो कायदा मोठा दक्ष आहे. तेथे जाऊन काम करणारांसाठी त्याने केले ते इतकेच, की त्यांच्या संरक्षणाचा सरकारी संस्थांनी अभ्यास करावा असे एका पोटकलमात सांगून ठेवले.

अभ्यास चालू असतानाच मिसूरी राज्यात टाइम्स बीच घडले. सुमारे 2,000 वस्तीचे हे गाव मेरामेक नदीच्या काठी होते आणि त्याचे रस्ते कच्चे होते. धूळ बसावी म्हणून गावाने रसेल ब्लिस नावाच्या तेलाच्या ठेकेदाराकडून 1970 नंतरच्या वर्षांत रस्त्यांवर टाकाऊ तेल शिंपडून घेतले. हाच ब्लिस एका रासायनिक कारखान्याचा, डायॉक्सिन नावाचे जहाल विष असलेला गाळही वाहून नेत असे आणि तो तेलात मिसळत असे. 1971 साली त्याने एका घोड्यांच्या पागेत असेच तेल शिंपडले होते. आधी चिमण्या पडल्या, मग डझनांवारी घोडे मेले, मालकांची लहान मुलगी रुग्णालयात गेली. त्या मातीत डायॉक्सिन असल्याचे 1974 साली निष्पन्न झाले, आणि प्रमाण निघाले दशलक्षात 30 भागांहून अधिक. पुढे राहत्या वस्तीसाठी जी चिंतेची सीमा ठरली ती अब्जात 1 भाग, म्हणजे त्याच्या तीस हजारांश. ज्या मंडळींनी त्या पागेतील मातीचे पहिले नमुने बाटल्यांत भरले त्यांना आपण काय भरीत आहोत याची काहीच कल्पना नव्हती.

1982 च्या नोव्हेंबरअखेरीस टाइम्स बीचच्या रस्त्यांवर केंद्रीय पर्यावरण संस्थेचे तपासनीस उतरले ते मात्र नखशिखान्त पांढरे पोशाख आणि तोंडावर श्वसनयंत्रे चढवून. हा देखावा त्या गावाच्या स्मृतीत कायमचा कोरला गेला, यात नवल नाही. कारण बंद पोशाखातला माणूस ज्या मातीचा चमचाभर नमुना जपून उचलत होता त्याच मातीवर रोजच्या कपड्यांतली मुले सायकली फिरवीत होती. अहवालापूर्वीच निकाल लागल्यासारखे झाले. नमुने घेण्याचे काम आटोपते न आटोपते तोच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नदीला महापूर आला, लोक बाहेर पडले, आणि नाताळच्या दोन दिवस आधी त्यांना सांगण्यात आले की, परतू नका. दोन महिन्यांनी सरकारने सगळे गावच विकत घेण्याचे जाहीर केले. तो सल्ला देणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांपैकी व्हर्नन हाऊक यांनी 1991 साली, स्थलांतराचा निर्णय कदाचित अतिरेकी होता, असे बोलून दाखवले आणि वादाला नवे तोंड फुटले. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. पोशाख चढवणारांचे चुकले असे मात्र आम्हास वाटत नाही. चाळीस वर्षे त्याच रस्त्यांवर काढणाराचा हिशेब आणि आज येथे, उद्या दुसऱ्या उकिरड्यावर, परवा तिसऱ्या असे आयुष्य काढणाराचा हिशेब निराळा असतो. पहिल्याला एक विष पुरते, दुसऱ्याच्या अंगावर सगळ्यांची बेरीज होते.

पूर्वोक्त अभ्यासाचे फळ 1985 च्या ऑक्टोबरमध्ये एका जाड मार्गदर्शिकेच्या रूपाने बाहेर आले. व्यावसायिक आरोग्याची संशोधनसंस्था, श्रमखात्याचे सुरक्षा प्रशासन, तटरक्षक दल आणि पर्यावरण संस्था अशा चार सरकारी कचेऱ्यांनी मिळून ती सिद्ध केली होती. चार कचेऱ्यांचे एकमत होणे हीच सरकारदरबारी एक अपूर्वाई. परंतु ग्रंथाचा खरा गुण त्याच्या विचारक्रमात आहे. तपासनीसाने प्रथम जमिनीवर जावयाचेच नाही. जुने दप्तर, नकाशे, विमानातून घेतलेली छायाचित्रे, जुन्या कामगारांच्या जबान्या यांतून त्या जागेचे पूर्ववृत्त जुळवावयाचे. मग कुंपणाबाहेरून पाहावयाचे. मग वाऱ्याची दिशा पाहून यंत्रे पुढे धरून आत पाऊल टाकावयाचे. आणि माती उकरणे हे सर्वांत शेवटी. पूर्ववृत्त जुळले नाही तर काय, याचे उत्तर पुढे कायद्यातच आले: धोका ओळखण्यापुरती माहिती नसेल तर पाठीवर हवेचे नळकांडे बाळगणाऱ्या, निदान दुसऱ्या वर्गाच्या पोशाखाखेरीज आत जाता येणार नाही. संशय हाच पुरावा धरावयाचा, आणि एकेक गोष्ट कळत जाईल तसतसा एकेक थर उतरवण्याची मुभा द्यावयाची.

पोशाखाचे वर्ग चार, आणि त्यांना इंग्रजी वर्णमालेची पहिली चार अक्षरे लावलेली. ‘ए’ म्हणजे नळकांड्यासह सर्वांग मिटवून टाकणारी खोळ. ‘बी’ मध्ये श्वासाची व्यवस्था तीच, त्वचेचे आवरण थोडे सौम्य. ‘सी’ मध्ये बाहेरचीच हवा गाळून देणारा मुखवटा. आणि ‘डी’ म्हणजे नेहमीचे कामाचे कपडे व भक्कम बूट. कोणत्या वाफा आहेत हे ठाऊक नसताना कोणता वर्ग घ्यावा यासाठी वाफ मोजणाऱ्या यंत्राचे आकडे ठरले: नेहमीच्या हवेपेक्षा दशलक्षात 5 भागांपर्यंत अधिक दिसले तर ‘सी’, त्यापुढे 500 पर्यंत ‘बी’, आणि 500 ते 1,000 असेल तर ‘ए’. या कोष्टकावर विसंबणाराला जुने जाणते लोक टाइम्स बीचची आठवण देतात. डायॉक्सिनची वाफ जवळजवळ होतच नाही. ते धुळीच्या कणाला चिकटून बसते, आणि यंत्राचा काटा शून्यावर असताना श्वासाबरोबर आत जाते. मुखवट्याची कड कातडीला घट्ट बसावी म्हणून दाढी राखणारांना हे काम वर्ज्य ठरले.

जागेचे तीन पट्टे करावयाचे: दूषित, मधला आणि स्वच्छ; आणि दूषितातून स्वच्छात यावयाचे ते केवळ मधल्या पट्ट्यातील ठरलेल्या वाटेनेच. आपल्या जुन्या घरांतील सोवळ्याओवळ्याचे नियम ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही वाट अनोळखी वाटणार नाही. ‘ए’ वर्गाच्या पोशाखासाठी या वाटेवर तब्बल 19 मुक्काम सांगितले आहेत. पहिल्यावर हत्यारे प्लास्टिकच्या पथारीवर ठेवावयाची. मग वरचे बूट व वरचे हातमोजे ब्रशाने साबणाच्या पाण्यात घासावयाचे, खळबळावयाचे. बाहीवर हातमोजा चिकटवणारी पट्टी सोडवावयाची. वरचे बूट, वरचे हातमोजे, मग खोळ, मग नळकांडे. आतले हातमोजे मात्र धुऊन तसेच हातात ठेवावयाचे, कारण अजून मुखवटा काढावयाचा असतो आणि त्याच्या बाह्यांगाला उघडे बोट लागता उपयोगी नाही. मुखवट्यानंतर ते हातमोजे, त्यानंतर आतले कपडे, स्नान, आणि शेवटी माणूस स्वतःच्या कपड्यांत. या सर्व वाटेवर खाणे, पिणे, विडी आणि तंबाखू यांना सक्त मनाई. आमच्या नागपुराकडच्या एखाद्या बोअरवाल्याला खिशातली खर्र्याची पुडी दिवसभर बाहेर ठेवावयास सांगून पाहावे, म्हणजे या एका ओळीची अंमलबजावणी किती दुर्घट आहे याचा प्रत्यय येईल. परंतु बोटावरची माती पोटात जाण्याचा याहून सोपा मार्ग नाही, हेही तितकेच खरे.

पोशाख हाच एक शत्रू होऊन बसतो, ही गोष्ट त्या ग्रंथकारांनी लपवली नाही, आणि हे प्रकरण मला त्यातील सर्वांत प्रामाणिक वाटते. विष आत येऊ नये म्हणून जे कापड बंद केले ते घामालाही बाहेर जाऊ देत नाही, आणि शरीर निववण्याचा निसर्गाचा उपाय तेथेच खुंटतो. म्हणून काम थांबवून विश्रांतीच्या आरंभीच नाडी मोजावी असे ठरले. मिनिटाला 110 च्या वर ठोके असतील तर विश्रांती तेवढीच ठेवून पुढची कामाची पाळी एकतृतीयांशाने कमी करावी. तोंडातले तापमान 37.6 अंशांच्या वर गेले तरी हाच नियम, 38.1 च्या वर गेले तर पोशाख चढवूच नये. ही तपासणी किती वेळाने करावी याचेही कोष्टक आहे, आणि त्यात उन्हाची तीव्रता हवेच्या उष्म्यात मिळवून घ्यावयाची आहे. हा हिशेब 32 अंशांच्या पुढे गेला की साध्या कपड्यांतील माणसास दर 45 मिनिटांच्या कामानंतर, आणि बंद पोशाखातील माणसास दर 15 मिनिटांच्या कामानंतर तपासावे, असे ते कोष्टक सांगते.

मार्गदर्शिका ही अखेर शिफारसच. तिला कायद्याचे बळ मिळाले ते 17 ऑक्टोबर 1986 रोजी, सुपरफंडच्या दुरुस्ती कायद्यातील 126 व्या कलमाने. आणि यामागे कामगार संघटनांचा रेटा होता हे विसरून चालणार नाही. 60 दिवसांत तात्पुरते नियम काढावेत असा विधिमंडळाने श्रमखात्यास हुकूमच केला. ते 19 डिसेंबरास निघाले. कायमचे नियम एका वर्षात व्हावयाचे ते 6 मार्च 1989 रोजी झाले. दूषित जागेवर नित्य काम करणाऱ्यास 40 तासांचे शिक्षण व 3 दिवस अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, दरवर्षी 8 तासांची उजळणी. वर्षात 30 दिवस वा अधिक काळ मुखवटा वापरणाराची वैद्यकीय तपासणी. प्रत्येक जागेची स्वतंत्र सुरक्षायोजना, आणि ती जागेवरच हजर. वैद्यकीय कागद नोकरी सुटल्यावरही 30 वर्षे जपावे लागतात, कारण कर्करोग हा सवडीने येणारा पाहुणा. इंग्लंडातील विंधणकामाच्या संघटनेने 1992 साली आपल्या लोकांसाठी जागांचे हिरवा, पिवळा व तांबडा असे तीन वर्ग केले. कारण भूशास्त्रज्ञ नमुना घेऊन बाजूला होतो. वर येणाऱ्या चिखलाचे शिंतोडे दिवसभर अंगावर घेत यंत्रापाशी उभा राहतो तो विंधणारा आणि त्याचा मदतनीस. पहिल्याच्या हाती लेखणी असल्यामुळे दुसऱ्याची कथा सर्वत्र उशिरा लिहिली गेली.

आपल्या देशात या विद्येचे मुख्य ठाणे नागपूर. 1958 साली तेथे स्थापन झालेली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधनसंस्था पुढे ‘नीरी’ या नावाने प्रसिद्धीस आली, आणि भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारातील मातीचे परीक्षण करण्याचे काम तिच्याकडे आले. 1997 साली तिचा एक अहवाल झाला. 2010 साली हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेसह केलेल्या दुसऱ्या अहवालात तेथील दूषित मातीचा अंदाज 11 लाख टन सांगितला गेला. 1984 च्या डिसेंबरातील त्या रात्री तेथून गळलेला विषारी वायू वाऱ्याबरोबर निघून गेला. त्याआधीच्या पंधरा वर्षांत आवारात टाकलेले कीटकनाशकांचे उच्छिष्ट मातीत राहिले. आवाराची भिंत ओलांडून तेथे गुरे चारणारे, सरपण वेचणारे लोक कैक वर्षे अनवाणी ये-जा करीत होते, आणि त्याच जमिनीत शास्त्रज्ञ नमुन्यांसाठी छिद्रे घेत होते. टाइम्स बीचचा तो विसंवाद येथे काही दिवसांचा नव्हे, पिढीचा झाला.

कारखान्यात साठवून ठेवलेले 337 टन उच्छिष्ट, ज्यात आवारातील खरवडलेली मातीही होती, अखेर 2025 च्या पहिल्या दोन दिवसांत बारा बंद वाहनांतून पीथमपूरला नेण्यात आले व जूनअखेरपर्यंत जाळण्यात आले. भरणीच्या कामावर सुमारे 100 माणसे होती; अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या, मध्ये विश्रांती आणि आरोग्यतपासणी, अशी व्यवस्था वृत्तपत्रांनी नोंदवली आहे. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम जाहीर केले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहामाहीस कळवावयाची, आणि त्यावरून प्राथमिक व मग सविस्तर तपासणी व्हावयाची. म्हणजे आता जिल्ह्याजिल्ह्यांत गिरमीट घेऊन माणसे उतरणार. भोपाळची ती भरणी थंडीच्या ऐन दिवसांत झाली. यादीतल्या सगळ्याच जागांचा मुहूर्त डिसेंबर-जानेवारीत निघणे शक्य नाही, आणि चंद्रपूर किंवा नागपूरच्या मे महिन्यात सकाळी नऊ वाजताच ते पंधरा मिनिटांचे कोष्टक लागू होते.